पेला कोणासाठी घ्यावयाचा? : जपानी पात्रांच्या निवडीविषयी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यकारिणीने सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एक पुष्प गुंफण्याचे काम आमच्याकडे सोपविले, याबद्दल प्रथम तिचे आभार मानतो. या मालेत आमच्यापूर्वी संतवाङ्मय, नाट्यसंगीत, राज्यघटना अशा भारदस्त विषयांवर अधिकारी व्यक्तींची व्याख्याने झाली. त्यांच्या पंक्तीस चहाच्या पेल्याला आणून बसविणे काहींना धारिष्ट्याचे वाटेल. आम्ही कलासमीक्षक नाही आणि कुंभारही नाही. पदवी कला शाखेची असली तरी तीत मातीच्या भांड्यांचा पेपर नव्हता. आमची नोकरी केंद्र सरकारची, आणि तिचा बहुतेक काळ फायलींच्या सान्निध्यात गेला. परंतु शासकीय कामानिमित्त दोन वेळा जपानात काही आठवडे राहण्याचा योग आला. तेथील घरांत, खाणावळींत आणि दुकानांत जी लहान लहान पात्रे हाती आली, त्यांनी आमचे कुतूहल जागे केले. पुढे त्यांविषयी वाचीत गेलो, काही विकत घेतली, आणि मुख्य म्हणजे ती रोज वापरली. त्या वापरातून जे उमगले तेवढेच आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

प्रारंभीच विषयाचे सार सांगून टाकतो. पेला घेताना आपण सामान्यतः दोन प्रश्न विचारतो : तो दिसतो कसा, आणि पडतो केवढ्याला. जपानी घरात त्याआधी एक तिसरा प्रश्न विचारला जातो, आणि तो म्हणजे, हा पेला कोणासाठी? या एका प्रश्नाचे उत्तर नीट मिळाले की रंग, माती, आकार आणि किंमत यांची उत्तरे बरीचशी आपोआप मिळतात. ते न मिळाले तर कितीही मौल्यवान वस्तू घरात येऊन काचेच्या कपाटात जाऊन बसते. आपल्यापैकी कित्येकांच्या दिवाणखान्यात असा एखादा संच असेल. दर बदलीच्या वेळी तो वर्तमानपत्रांत गुंडाळून एका शहरातून दुसऱ्या शहरी नेला जातो, आणि त्यातून चहाचा एक घोटही कोणी घेतलेला नसतो.

जपानी कुटुंबात भाताचा वाडगा, चहाचा पेला आणि जेवणाच्या काड्या या तीन वस्तू बहुधा ज्याच्या त्याच्या स्वतंत्र असतात. ताटल्या, मोठे वाडगे हे सर्वांचे. परंतु वडिलांचा पेला तो वडिलांचाच, मुलीचा तो मुलीचाच. त्यांचे आकार वेगळे, रंग वेगळे, वजनही वेगळे. ही गोष्ट आपणांस परकी वाटू नये. स्टीलच्या भांड्यांवर नावे घालून देण्याची आपली रीत आठवा. आजोबांचे फुलपात्र, आजीची वाटी, बारशाला आलेला बाळाचा चांदीचा पेला ही सारी त्याच जातीची पात्रे. फरक इतकाच की, आपण भांड्यावर बहुधा देणाऱ्याचे नाव घालतो, आणि जपानी माणूस मनातल्या मनात घेणाऱ्याचे घालतो.

पात्र आणि माणूस यांचे हे नाते तेथे फार खोल गेले आहे. घरातील कोणी दूरच्या प्रवासास किंवा युद्धावर गेले की, त्याच्या सुखरूपतेसाठी त्याच्या नावाचे पान घरी वाढून ठेवण्याची एक जुनी प्रथा आहे. तिला 'कागेझेन' म्हणतात. याउलट, माणूस जग सोडून गेला की, अंत्ययात्रा घरातून निघताना त्याचा भाताचा वाडगा फोडण्याचा रिवाज काही भागांत आहे. परतीची वाट उरली नाही, असे त्यातून मृतास आणि मागे राहिलेल्यांसही सांगावयाचे असते. ज्या समाजात वाडग्याला एवढा अर्थ आहे, त्या समाजात त्याची निवड हा केवळ बाजारहाटीचा भाग राहत नाही.

आता पात्रांची तोंडओळख करून घेऊ. चहासाठी रोज वापरावयाच्या उभट, बिनकानाच्या पेल्यास 'युनोमी' म्हणतात. त्यात साधारणतः १५० ते २०० मिलिलिटर चहा मावतो. उंची प्रतीच्या हिरव्या चहासाठी याहून लहान, ८०-१०० मिलिलिटरचे बसके पेले असतात. 'चावान' हा रुंद तोंडाचा वाडगा. त्याचा अर्थ मुळात चहाचे पात्र असा असला तरी आज भाताच्या वाडग्यासही तोच शब्द आहे. 'चोको' हा साके या तांदळाच्या मद्याचा इवलासा पेला. 'सोबा-चोको' हा शेवयांसोबत घेण्याच्या चटकदार पाण्याचा, वर किंचित पसरट होत गेलेला पेला. 'मामेझारा' म्हणजे शब्दशः घेवड्याच्या दाण्याएवढी, प्रत्यक्षात हाताच्या तळव्यात मावणारी बशी. 'क्यूसू' ही बाजूला दांडी असलेली लहान चहादाणी. या सर्वांचे माप हाताशी जोडलेले आहे, कारण जपानी जेवणात वाडगा टेबलावर न ठेवता उचलून हातात धरावयाचा असतो. लांबीचे जुने जपानी माप 'सुन', म्हणजे सुमारे ३.०३ सेंटिमीटर. भाताच्या वाडग्याचा व्यास सुमारे चार सुन, म्हणजे १२ सेंटिमीटर असतो, आणि स्त्रियांसाठीचा वाडगा त्याहून थोडा लहान असतो. अंगठा कडेवर आणि बोटे बुडाखालच्या उभ्या कडीवर ठेवून तो उचलला की हातास चटका बसत नाही. ती कडी शोभेसाठी नाही, हे येथे ध्यानात यावे.

युनोमीला कान का नसतो, हा प्रश्न आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. त्याचे उत्तर चहाच्या तपमानात आहे. 'ग्योकुरो' हा उत्तम हिरवा चहा ५० ते ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात, आणि नेहमीचा 'सेंचा' ७० ते ८० अंशांच्या पाण्यात करतात. असा पेला बिनकानाचा असूनही हातात धरता येतो, आणि हातास सोसला की जिभेसही सोसतो. मात्र 'बांचा' आणि भाजलेल्या पानांचा 'होजिचा' हे चहा उकळत्या पाण्याचे. त्यांच्यासाठी जाड मातीचे, खोल पेले वापरतात. म्हणजे, पेल्याची जाडी चहा ठरवितो, दुकानदार नव्हे.

माती दोन मुख्य प्रकारची. पहिली 'तोकी', म्हणजे मातीची भांडी. ती जाड, उबदार, किंचित सच्छिद्र असतात, आणि टिचकी मारली तर बद्द आवाज करतात. दुसरी 'जिकी', म्हणजे दगडाच्या भुकटीपासून केलेली, आपण ज्यांस चिनी मातीची म्हणतो ती. ती सुमारे १३०० अंशांवर भाजलेली, पांढरी, पाणी न शोषणारी आणि खणखणीत वाजणारी असतात. उजेडात धरली तर पातळ जिकीतून प्रकाश झिरपतो. या दोहोंच्या मध्ये बिझेन आणि तोकोनामे यांसारखी झिलई न देता कडक भाजलेली भांडी येतात. बिझेनची लाकडाची भट्टी दहा-बारा दिवस अहोरात्र पेटती ठेवतात. राख आणि ज्वाळा यांचे जे डाग उमटतात तीच तिची नक्षी. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान ज्यांनी पाहिले असेल, त्यांस ते ओकायामाच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर घडविले आहे हे ठाऊक असेल. बिझेनचे कुंभार त्याच ओकायामा प्रांतातले.

जिकीचा इतिहास सांगताना एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. १५९२ ते १५९८ या काळात तोयोतोमी हिदेयोशीने कोरियावर दोनदा स्वारी केली, आणि परतताना जपानी सरदारांनी कोरियन कुंभार बरोबर आणले. त्यांपैकी री साम्पेई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कुंभाराने अरिता येथील डोंगरात योग्य दगड शोधून काढला, आणि १६१६ पासून जपानात चिनी मातीची भांडी घडू लागली, असे परंपरा सांगते. ही भांडी इमारी बंदरातून जात म्हणून 'इमारी' या नावाने युरोपात प्रसिद्ध झाली. दक्षिणेकडील सात्सुमा प्रांतात वसविलेल्या कोरियन कुंभारांच्या एका घराण्याने आपले कोरियन नाव पिढ्यान् पिढ्या जपले आहे. आपण स्वखुशीने परप्रांती आलो, त्यांना आणले गेले, हा भेद मोठाच आहे. तरीही घरापासून दूर राहून आपले नाव जपणे म्हणजे काय, हे या मंडळास समजावून सांगण्याची गरज नाही.

रोजच्या वापराची भांडी घडविणारी गावे वेगळी. गिफू प्रांतातील मिनो परिसरात जपानमधील सुमारे निम्मी जेवणाची भांडी तयार होतात. नागासाकी प्रांतातील हासामी येथे पूर्वी जाड, स्वस्त आणि रुंद बुडाचे वाडगे होत. ओसाकाजवळच्या योदो नदीत होड्यांवरून खाद्यपदार्थ विकणारे ते वापरीत. होडी डोलली तरी वाडगा कलंडू नये म्हणून बूड रुंद. एहिमे प्रांतातील तोबे, तोक्योच्या उत्तरेकडील माशिको ही अशीच उपयोगाच्या पात्रांची गावे. हागीची गोष्ट निराळी. तेथील पेल्यांच्या झिलईत बारीक तड्यांची जाळी असते. चहा त्यात मुरत जातो आणि वर्षांनुवर्षे पेल्याचा रंग पालटत राहतो. हागीची ही सात रूपे जपानात वाखाणली जातात.

येथेच आपल्या घरासाठी पहिली सूचना करावीशी वाटते. आपला चहा दूध-साखर घालून उकळलेला. तो हागीच्या जाळीदार पेल्यात रोज घेतला तर मुरेल दूध, आणि काही दिवसांनी पेल्यास वास येऊ लागेल. तेव्हा दुधाच्या चहासाठी पूर्ण झिलईची जिकी, किंवा आतून गुळगुळीत झिलई असलेली जाड तोकी घ्यावी. कोऱ्या चहासाठी, पाण्यासाठी वा ताकासाठी मात्र बिझेनचा खरखरीत पेला उत्तम. दुसरी सूचना मापाची. आपला चहा उकळता असल्याने युनोमी काठोकाठ भरू नये. वरचे दोन बोटे रिकामे राहिले तर तेथे बोटांस जागा मिळते. पातळ जिकीचा नाजूक पेला आपल्या चहास अजिबात योग्य नाही. तो सेंचासाठीच ठेवावा, आणि सेंचा प्यावयाचा नसेल तर घेऊच नये.

दुकानात पेला कसा पारखावा? प्रथम तो डोळे मिटून हातात घ्यावा. रिकामा पेला दिसतो त्याहून जड लागला तर भरल्यावर तो त्रासदायक होईल, आणि फारच हलका लागला तर उष्णता थेट हातास पोहोचेल. मग कडेवरून बोट फिरवावे. ओठ लागावयाचा तेथे खरखर किंवा धार नको. पालथा करून बुडाची कडी पाहावी. ती झिलईविना असते व पुष्कळदा खरखरीत राहते. आपल्या सागवानी टेबलावर तिचे ओरखडे उठतील, तेव्हा बारीक पॉलिशपेपरने ती घासून घ्यावी. सपाट जागी ठेवून पेला डुगडुगतो का ते पाहावे. नखाने हलकी टिचकी मारावी : जिकी खणखणली नाही तर कोठेतरी तडा आहे असे समजावे. क्यूसू घेत असाल तर दुकानदाराच्या अनुमतीने त्यात पाणी भरून ओतून पाहावे. धार तोटीच्या टोकाशी तुटली पाहिजे, खाली ओघळता कामा नये. ओतीव लोखंडाच्या ज्या लहान चहादाण्या भेट म्हणून लोकप्रिय आहेत, त्यांपैकी आतून मुलामा दिलेल्या दाण्या चुलीवर ठेवावयाच्या नसतात. त्यांत चहा फक्त मुरवावयाचा. पाणी उकळण्याची किटली वेगळी, आणि तिच्या आत मुलामा नसतो.

हा सारा तपशील कोणाच्या उपयोगी पडतो, याचे एक उदाहरण घरातलेच देतो. आमच्या वडिलांस उतारवयात हात कापण्याची व्याधी जडली. कप-बशीचा खडखडाट होऊ लागला, चहा सांडू लागला, तसे त्यांनी पाहुण्यांसमोर चहा घेणे सोडून दिले. पुढे पुढे तर पाहुणे आले की ते आतल्या खोलीतच बसून राहत. एकेकाळी मैफल रंगविणारा माणूस कपाच्या कानापायी घरात परका होऊ पाहत होता. आम्ही माशिकोहून आणलेला एक जाड बुडाचा, खडबडीत अंगाचा युनोमी घरात होता. आमच्या पत्नीने त्यात अर्धाच चहा ओतून तो त्यांच्या दोन्ही हातांत दिला. जपानात पेला धरावयाची पद्धत अशीच आहे : उजव्या हाताने उचलावयाचा आणि डावा तळवा खाली द्यावयाचा. दोन्ही हात गुंतले की कंप कमी होतो, अंग खडबडीत असल्याने पेला निसटत नाही, आणि बूड जड असल्याने टेबलावर टेकविताना कलंडत नाही. वडील पुन्हा बाहेरच्या खोलीत येऊन बसू लागले. ते गेले त्यास आता काही वर्षे झाली. आम्ही तो पेला फोडला नाही, कपाटातही ठेवला नाही. त्यातून आता आमचा नातू दूध पितो, त्याचे हातही अद्याप तितकेसे स्थिर झालेले नाहीत.

लहान बश्यांचा उपयोग तर आपल्या ताटास जणू ठरवूनच केलेला दिसतो. ताटाच्या डाव्या बाजूस मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे यांची जी मांडणी असते, तिच्यासाठी तीन सुन, म्हणजे सुमारे ९ सेंटिमीटरची मामेझारा अगदी बेताची. सोबा-चोको आमच्या घरी सोलकढीसाठी वापरतो. आमटीसाठीही तो चालतो. मात्र हळद आणि तेल यांचे डाग सच्छिद्र तोकीत कायमचे बसतात, म्हणून ताटातील पात्रे जिकीचीच असावीत. आणखी एक सावधगिरी : फार जुन्या, झिलईवर रंगविलेल्या बश्यांच्या रंगांत शिसे असू शकते. त्यांत लिंबू, लोणचे, चिंचेचा सार असे आंबट पदार्थ ठेवू नयेत. त्या भिंतीवरच शोभतात.

आता भेटीविषयी. जपानात पेले व वाडगे पाचांच्या संचात विकतात. चारांचा संच टाळतात, कारण चार या अंकाचा एक उच्चार 'शी', आणि मृत्यूचाही तोच. नऊचा उच्चार 'कू', म्हणजे यातना, म्हणून तोही नकोसा. नवदांपत्यास 'मेओतो-जावान' अशी दोन वाडग्यांची वा पेल्यांची जोडी देतात, त्यांत एक मोठा व एक लहान. फुटणारी वस्तू लग्नात देऊ नये असा पूर्वीचा संकेत असूनही ही जोडी मात्र मान्य झालेली आहे. मोठा पतीचा व लहान पत्नीचा ही वाटणी आजच्या आपल्या सुनांना पटेलच असे नाही. दोन्ही सारख्या मापाचे, रंगाने भिन्न असे पेलेही मिळतात, ते द्यावेत. साठाव्या वर्षी तेथे 'कानरेकी' साजरी करतात. साठ वर्षांचे कालचक्र पुरे होऊन माणूस पुन्हा जन्मवर्षी येतो अशी त्यामागील कल्पना, आणि बालकाचा म्हणून तांबडा रंग शुभ. आपल्या साठ संवत्सरांचे चक्र आणि षष्ट्यब्दिपूर्ती यांच्याशी हिचे साम्य उघड आहे. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांस तांबड्या झिलईचा एकच चांगला युनोमी द्यावा, हा प्रघात आम्ही आमच्यापुरता पाडला आहे. केंद्रीय सेवा वर्तणूक नियमांतील भेटवस्तूंविषयीचा १३ वा नियम ध्यानी ठेवणाऱ्यांस अशी बेताच्या किमतीची भेट अडचणीत टाकीत नाही, हाही तिचा एक गुण.

चांगल्या पात्रास 'किरी' नावाच्या हलक्या लाकडाची पेटी असते. एखाद्या नामवंत कुंभाराच्या कृतीवर तो पेटीच्या झाकणावर स्वहस्ते नाव लिहितो, आणि ती पेटी हरवली तर किंमत उतरते. संग्राहकासाठी हे महत्त्वाचे. परंतु ज्याने चहा प्यावयाचा त्यास पेटीसह देऊ नये, असे आमचे मत आहे. पेटी दिली की पेला तीत परत जातो. तो धुऊन, पुसून, साध्या रुमालात बांधून द्यावा, आणि शक्य असल्यास त्याच वेळी त्यातून चहा पाजावा.

किमतीविषयी एक कथा सांगण्याजोगी आहे. क्योतोच्या दाइतोकुजी मठाच्या एका उपमठात 'किझाएमोन' नावाचा एक वाडगा आहे. तो जपानचा राष्ट्रीय ठेवा मानला जातो. यानागी सोएत्सू (१८८९-१९६१) या विचारवंताने तो पाहिला तेव्हा पेटीत पेटी, तीत पुन्हा पेटी उघडावी लागली. आणि आतून काय निघाले? यानागींच्या मते, कोरियातील एका अनाम कुंभाराने गरिबाच्या भातासाठी घाईघाईने फिरविलेला साधा वाडगा. घडविणाऱ्यास आपण काही सुंदर करतो आहोत याची जाणीवही नसेल, आणि म्हणूनच तो इतका निर्मळ उतरला, असे त्यांचे म्हणणे. १९२५ साली त्यांनी व त्यांच्या मित्रांनी अशा लोकवापराच्या वस्तूंसाठी 'मिंगेई' हा शब्द घडविला, आणि १९३६ साली तोक्योत त्यांचे संग्रहालय उभे केले. वस्तूचे सौंदर्य वापरात उजळते, हा त्यांचा सिद्धान्त. पण तोच गरिबाचा वाडगा आज पेट्यांत बंद आहे. सौंदर्याचा गौरव करता करता वापर संपतो, हा धोका जपानासही चुकलेला नाही, मग आपल्या काचेच्या कपाटास किती दोष द्यावा?

जपान सरकारने १९७४ साली पारंपरिक हस्तव्यवसायांसाठी कायदा केला, तेव्हा हे भान ठेवलेले दिसते. कोणत्याही हस्तव्यवसायास अधिकृत दर्जा मिळावयाचा तर ती वस्तू मुख्यतः रोजच्या जीवनात वापरण्याची असली पाहिजे, तिचे मुख्य काम हाताने झाले पाहिजे, आणि तंत्र व कच्चा माल परंपरेने चालत आलेले असले पाहिजेत. कायद्याची भाषा वाचण्यात आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यास ही पहिली अट फार भावली. 

वापर म्हटला की फुटणे आले. तोकीचा नवा पेला वापरण्यापूर्वी तांदळाच्या धुवणात मंद आचेवर उकळून तसाच निवू द्यावा. कणांनी छिद्रे भरतात व डाग कमी पडतात. सोनेरी नक्षीचे पेले मायक्रोवेव्ह भट्टीत ठेवू नयेत. धुतल्यावर मातीचा पेला पूर्ण सुकल्याविना कपाटात ठेवू नये, त्यास बुरशी येते. इतके करूनही पेला फुटलाच, तर उरुशी झाडाच्या चिकाने तुकडे जोडून सांध्यावर सोन्याची पूड लावण्याची 'किंत्सुगी' कला आहे. ती अलीकडे फार गाजते आहे. परंतु खरा चीक वाळण्यास आठवडे लागतात, आणि बाजारातील झटपट साहित्यात पुष्कळदा साधा कृत्रिम गोंद असतो. अशा सांध्याचा पेला पिण्यासाठी वापरू नये. आणि घरातील मायेच्या पेल्यासाठी ही दुरुस्ती कितीही योग्य असली, तरी आपल्याकडे सांधलेले भांडे कोणास भेट देण्याची रीत नाही. ती तशीच राहू द्यावी.

हे सर्व ऐकून, जपानास कोण जाणार, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. जे जातील त्यांनी तोक्योतील काप्पाबाशी हा भांड्यांचा बाजार पाहावा. २९ एप्रिल ते ५ मे या दिवसांत गेल्यास अरिताची जत्रा गाठावी, तेथे किरकोळ दोषांचे उत्तम पेले स्वस्तात मिळतात. परंतु ज्यांना हे शक्य नाही त्यांचेही काही अडत नाही. आपल्या दिल्लीतच सरदार गुरुचरण सिंग यांनी, १९१९ च्या सुमारास जपानात जाऊन, यानागी आणि त्यांच्या कुंभार मित्रांच्या सहवासात ही विद्या आत्मसात केली, आणि पुढे दिल्ली ब्ल्यू पॉटरीच्या द्वारे कित्येक शिष्य घडविले. पुदुच्चेरीत १९७१ पासून गोल्डन ब्रिज पॉटरीने कडक भाजलेल्या भांड्यांची एक सबंध परंपरा उभी केली. आणि खुर्जा तर येथून काही तासांच्या वाटेवर आहे. तेथल्या ढिगाऱ्यातूनही डोळे मिटून हाताळला असता आपल्या माणसाच्या हातास शोभेल असा पेला सापडतो.

या सुवर्णमहोत्सवात ज्येष्ठ सभासदांस काही भेट द्यावयाची असे कार्यकारिणीने ठरविले आहे, आणि सहा कपांच्या संचाची सूचना पुढे आली आहे असे ऐकतो. आमची नम्र विनंती एवढीच की, या सभासदांपैकी पुष्कळांच्या घरी आज दोघेच जण असतात, काहींच्या घरी तर एकटेच. मुले बंगळुरास, पुण्यास, परदेशी. सहा कपांपैकी पाच कपाटात राहतील, आणि ते रिकामे पाच रोज डोळ्यांपुढे दिसतील. त्यापेक्षा प्रत्येकास एकच पेला द्यावा, पण तो त्याच्यासाठी निवडलेला असावा. कोणाचे हात कापतात, कोणास ताक लागते, कोण अद्याप गच्चीवर उभा राहून चहा घेतो, हे पन्नास वर्षांच्या सहवासात आपणांस ठाऊक आहे. एवढी माहिती जगातील कोणत्याही दुकानदाराजवळ नाही. ती वापरावी.

 बाहेर चहाची व्यवस्था आहे असे कार्यवाहांनी सुचविले आहे, तेव्हा त्याच्या आड अधिक काळ न येता मंडळाच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा देतो आणि आपली रजा घेतो.